मेनच्या आखातातलं तळाचं पाणी थंड झालं, म्हणजे तापमानवाढ उलटली का?

सुकाणू (प्रश्न)

शाळेच्या भूगोलात आपण सगळ्यांनी पाठ केलंय: उबदार गल्फ स्ट्रीम आणि थंड लॅब्राडोर प्रवाह न्यूफाउंडलंडजवळ भेटतात, धुकं पडतं, मासे भरपूर मिळतात. माझा प्रश्न त्याच्या थोडा पुढचा आहे.

मेनचं आखात, म्हणजे अमेरिकेच्या केप कॉडपासून कॅनडाच्या नोव्हा स्कोशियापर्यंतचं पाणी. त्याबद्दल गेली दहा वर्षं एकच वाक्य वाचायला मिळतं की जगातल्या ९९ टक्के समुद्रापेक्षा ते जास्त वेगानं तापतंय. २०१२ ची सागरी उष्णतेची लाट, शेवंडाचे कोसळलेले भाव, बंद पडलेली कोळंबीची मासेमारी, सगळं त्याच खात्यावर मांडलं जातं. आणि आता नोआच्या (अमेरिकेच्या सागर आणि हवामान संस्थेच्या) नोंदी म्हणतात की २०२४ च्या सुरुवातीपासून तिथल्या तळाचं पाणी नेहमीपेक्षा थंड आणि कमी खारट आहे.

१) हे थंड पाणी येतं कुठून, आणि आत्ताच का?
२) उपग्रहाच्या तापमानात ते तितकंसं का दिसत नाही?
३) खुल्या नोंदी वापरून हे स्वतः तपासायचं तर कुठून सुरुवात करावी, आणि कुठे फसायला होतं?

---

तळठाव

आधी ते ९९ टक्क्यांचं वाक्य जागेवर ठेवू. २०१५ साली आलेल्या अभ्यासातलं ते वाक्य २००४ ते २०१३ या दहा वर्षांपुरतं होतं. १९८२ पासूनचा कल काढला तरी हे आखात जगाच्या सरासरीच्या जवळजवळ तिप्पट वेगानं तापलेलं दिसतं, पण तो वेग दरवर्षी सारखा नाही. तो पायऱ्या-पायऱ्यांनी वर जातो, मध्ये खालीही येतो. या पायऱ्या कशा तयार होतात हे कळलं की तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं.

आखाताचा आकार डोळ्यांपुढे आणा. नकाशावर ते समुद्राला सताड उघडं दिसतं, पण पाण्याखाली जवळजवळ बंद आहे. बाहेरच्या बाजूला जॉर्जेस बँक आणि ब्राउन्स बँक हे उंचवटे बांधासारखे आडवे पडलेत. जॉर्जेस बँकचा माथा काही ठिकाणी इतका उथळ आहे की लाटा फुटतात. या दोन बांधांच्या मध्ये एक फट आहे, नॉर्थईस्ट चॅनल, उंबरठ्यापाशी सुमारे २३० मीटर खोल. बाहेरचं खोल पाणी आत यायची वाट एवढीच. आत जॉर्जेस, जॉर्डन आणि विल्किन्सन हे तीन खोलगट भाग आहेत आणि त्यांच्या तळाशी काय साठणार हे त्या एका दारावर ठरतं. दुसरी वाट वरची: नोव्हा स्कोशियाच्या भूखंडमंचावरचं थंड आणि गोडसर पाणी केप सेबलला वळसा घालून आत येतं.

आता दाराबाहेर कोण उभं आहे ते बघा. खंडान्त उतारावर दोन प्रकारचं पाणी असतं. एक गल्फ स्ट्रीमच्या बाजूचं, साधारण ८ ते १२ अंश सेल्सिअस, क्षारता ३५ च्या आसपास किंवा वर. दुसरं लॅब्राडोर प्रवाहाचं, ग्रँड बँक्सच्या (न्यूफाउंडलंडजवळचे उथळ उंचवटे) दक्षिण टोकाला वळून उताराच्या कडेकडेनं पश्चिमेला सरकणारं, साधारण ४ ते ८ अंश, क्षारता ३५ च्या खाली. (क्षारता ३४.७ म्हणजे एक किलो पाण्यात सुमारे ३४.७ ग्रॅम क्षार.) दोघं दारापाशी रेटारेटी करतात. जो पुढे सरकतो तो आत येतो.

२००८ च्या सुमारास गल्फ स्ट्रीम ग्रँड बँक्सच्या टोकाजवळ उत्तरेला सरकला आणि लॅब्राडोरच्या पाण्याची पश्चिमेची वाटच अडली. शिवाय गल्फ स्ट्रीमपासून तुटून उत्तरेला येणारे उबदार भोवरे वाढले: १९८० ते १९९९ मध्ये वर्षाला सरासरी १८, तर २००० ते २०१७ मध्ये ३३. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डार्टमथ शाखेतल्या अविजित गंगोपाध्याय यांच्या गटानं ही मोजणी केली. प्रत्येक भोवरा उतारावर गरम, खारं पाणी आणून टाकतो. म्हणजे २०१२ ची लाट वरच्या हवेमुळे पेटली, पण पुढची दहा वर्षं तळ गरम राहिला तो या दारामुळे.

२०२३ च्या अखेरीपासून पारडं फिरलं. लॅब्राडोरचं पाणी पुन्हा पश्चिमेला पोहोचलं, वरच्या वाटेनं येणारं स्कोशियन पाणीही जास्त आलं. असं पूर्वीही झालंय. १९९६ च्या हिवाळ्यात उत्तर अटलांटिक दोलनाचा (तिथल्या हवेच्या दाबाचा झोका, ज्यावर वारे ठरतात) निर्देशांक एकदम खाली गेला आणि दोन वर्षांनी, १९९८ मध्ये, लॅब्राडोरचं पाणी या आखाताच्या तळाशी शिरलं. हा उशीर समजून घेण्यासारखा आहे. ग्रँड बँक्सच्या टोकापासून नॉर्थईस्ट चॅनलपर्यंत सुमारे १३०० किलोमीटर. प्रवाह सेकंदाला ५ सेंटीमीटर धरला तर दिवसाला ४.३ किलोमीटर, म्हणजे नुसत्या या टप्प्याला दहा महिने. त्याआधी लॅब्राडोरहून तिथवर यायला लागलेला वेळ वेगळा. म्हणून वारा कधी बदलला आणि तळ कधी बदलला हे एकाच वर्षात शोधू नका.

दुसरा प्रश्न. उन्हाळ्यात इथलं पाणी तीन थरांचं असतं. वर तापलेला थर, मध्ये ५० ते १२० मीटरच्या दरम्यान मागच्या हिवाळ्याचं उरलेलं थंड पाणी, आणि खाली दारातून आलेलं जास्त खारं पाणी, जे बहुधा मधल्या थरापेक्षा *गरम* असतं. ऑगस्टमध्ये वर १८ अंश, ७० मीटरवर ६ अंश आणि २०० मीटरवर पुन्हा ८ अंश अशी नोंद दिसली तर उपकरण बिघडलंय असं समजू नका. खालचं पाणी गरम असूनही खालीच राहतं, कारण क्षारांमुळे ते जड आहे. उपग्रहाला फक्त सर्वात वरचा पापुद्रा दिसतो. तिथे सूर्य आणि हवेचं राज्य चालतं. तळ दोन अंशांनी थंड झाला तरी जुलै-ऑगस्टमध्ये वर त्याचा मागमूस नसतो. फरक कळतो तो हिवाळी वारे थर ढवळतात तेव्हा, किंवा जिथे भरती-ओहोटीच थर टिकू देत नाही तिथे. आखाताच्या ईशान्य टोकाच्या फंडीच्या उपसागरात भरती-ओहोटीतला फरक १६ मीटरपर्यंत जातो, त्यामुळे मेनचा पूर्व किनारा ऐन उन्हाळ्यातही थंड राहतो आणि पोर्टलंडजवळचा कॅस्को बे तापतो. 'आखाताचं सरासरी तापमान' हा एक आकडा हे सगळं झाकून टाकतो.

आता शीर्षकातला प्रश्न. नाही, उलटलेली नाही. दारात पाहुणा बदललाय. लॅब्राडोरचं पाणी बाजूला झालं की हे आखात पुन्हा झपाट्यानं तापेल, कारण वरची हवा आणि बाहेरचा गल्फ स्ट्रीम दोन्ही पूर्वीपेक्षा गरम आहेत. अटलांटिकचं मोठं उलथापालथी अभिसरण (वरून गरम पाणी उत्तरेला, खालून थंड पाणी दक्षिणेला) मंदावलं की गल्फ स्ट्रीम किनाऱ्याकडे सरकतो आणि लॅब्राडोर मागे हटतो, असं प्रतिमानं दाखवतात. पण त्या अभिसरणाची सलग मोजणी २६.५ उत्तर अक्षांशावर २००४ पासूनचीच आहे. दोन वर्षांच्या थंडीवरून त्याबद्दल इकडे किंवा तिकडे काहीही म्हणणं चूक ठरेल.

---

निवटी

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. ही कामं या क्रमानं करा.

पृष्ठभागासाठी नोआची रोजची पाव अंशाच्या चौकटींची मालिका घ्या, ती सप्टेंबर १९८१ पासून आहे. आखाताच्या सीमेतल्या चौकटींची सरासरी काढताना क्षेत्रफळाचं वजन द्या आणि किनाऱ्याला चिकटलेल्या चौकटी वेगळ्या ठेवा. या अक्षांशावर एक चौकट साधारण २८ किलोमीटर बाय २० किलोमीटर पडते. लहान खाड्या तिच्यात विरघळून जातात. उन्हाळ्यात धुकं आणि ढग असले की अवरक्त किरणांची मोजणी तुटते आणि मधले दिवस अंदाजानं भरलेले असतात, त्यामुळे एका दिवसाच्या आकड्यावर काही उभारू नका.

सागरी उष्णतेची लाट ठरवायची रीत २०१६ पासून बऱ्यापैकी एकसारखी आहे: ३० वर्षांचा आधारकाळ घ्या, वर्षातल्या प्रत्येक तारखेसाठी आजूबाजूचे मिळून ११ दिवस धरून ९० वा शतमक (ज्याच्या खाली ९० टक्के आकडे येतात ती पातळी) काढा, तो ३१ दिवसांच्या सरासरीनं गुळगुळीत करा, सलग ५ किंवा जास्त दिवस तापमान त्याच्या वर असेल तर लाट, आणि मध्ये २ दिवसांपर्यंतची खिंड पडली तर एकच लाट. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात ते आधारकाळात. १९९१ ते २०२० हा काळ स्वतःच तापलेला आहे. १९८२ ते २०११ शी तुलना केलेला आकडा आणि १९९१ ते २०२० शी तुलना केलेला आकडा एकाच आलेखावर लावला की नसलेली थंडी दिसायला लागते. बातम्यांमध्ये हे सर्रास होतं.

तळासाठी नेराकूसचे (त्या भागातल्या समुद्राच्या नोंदी ठेवणारी संस्था) तरंगते नांगरलेले बोये बघा: जॉर्डन खोलगटात एम०१, नॉर्थईस्ट चॅनलमध्ये एन०१. तापमान आणि क्षारता दोन्ही वेगवेगळ्या खोलींवर मिळतात. नुसतं तापमान घेऊ नका. थंड पाणी हिवाळ्याच्या थंडीनं झालं की लॅब्राडोरहून आलं हे क्षारतेशिवाय सांगता येत नाही.

तळठाव यांनी सांगितलेली दोन पाणी आणि वरच्या वाटेचं तिसरं, यांचं प्रमाण काढणं साधं आहे. तिघांना ठरावीक आकडे द्या, समजा उबदार उताराचं पाणी १२ अंश व ३५.४, लॅब्राडोरचं ६ अंश व ३४.६, स्कोशियन २ अंश व ३२.०. तीन अज्ञातं, तीन समीकरणं: तापमानाचं, क्षारतेचं आणि बेरीज १. बोयावर ८.६ अंश आणि ३४.७४ दिसलं तर उत्तर ५०, ४० आणि १० टक्के. ५.४ अंश आणि ३३.९० दिसलं तर १०, ६० आणि ३०. पडताळून बघा. तीनपैकी एखादं प्रमाण ऋण आलं तर तुमचे ठरवलेले आकडे त्या वर्षाला लागू नाहीत, किंवा पाणी हवेच्या संपर्कात येऊन बदललंय. म्हणून हे गणित १५० मीटरच्या खालीच करा.

आणि ही सर्वात महत्त्वाची गोष्ट, कारण नेमकी तुमच्या प्रश्नाला नडणारी आहे. क्षारता प्रत्यक्ष मोजत नाहीत, पाण्याची विद्युतवाहकता मोजून काढतात. संवेदकाच्या काचेच्या नळीत शेवाळाचा बुळबुळीत थर किंवा खडपे बसले की नळी अरुंद होते, वाहकता कमी दिसते आणि क्षारता हळूहळू खाली घसरते. आलेखात ते हुबेहूब 'गोडं पाणी आलं' असं दिसतं. ओळखायची खूण: क्षारता उतरतेय पण तापमान हलत नाही, आणि बोया दुरुस्तीला काढून परत टाकला त्या दिवशी क्षारता एकदम उडी मारून वर. खरं लॅब्राडोरचं पाणी आलं तर दोन्ही एकत्र उतरतात, आणि आधी एन०१ वर, मग काही महिन्यांनी एम०१ वर.

याशिवाय मच्छीमारांच्या शेवंडाच्या पिंजऱ्यांना बांधलेले तापमापक आहेत, ईमोल्ट नावाच्या योजनेतले. बोये हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, पिंजरे मात्र सगळीकडे, म्हणून या नोंदी मोलाच्या. वापरण्याआधी तीन गोष्टी साफ करा:

- पिंजरा वर ओढताना आणि डेकवर असतानाचे आकडे काढून टाका. खोलीची नोंद असेल तर सोपं. नसेल तर काही मिनिटांत काही अंशांची उडी दिसते तिथे कापा.
- पिंजरे शरदात किनाऱ्यापासून खोल पाण्यात नेतात. ३० मीटरवरून ८० मीटरवर गेलेला पिंजरा 'समुद्र थंड झाला' असं सांगेल. एकाच खोलीच्या पट्ट्यातले आकडेच एकमेकांशी लावा.
- संवेदकाची चाचणी बर्फात घ्या. शुद्ध पाण्याचा कुटलेला बर्फ थर्मासमध्ये ठासून भरा, वर थोडं शुद्ध पाणी, संवेदक मधोमध अर्धा तास. ०.० यायला हवं. ०.३ आलं तर तेवढं वजा करा. नळाचं पाणी किंवा मिठाचे हात लागलेला बर्फ चालत नाही, गोठणबिंदूच खाली जातो.

---

सुकाणू

दोघांचे आभार. ती समीकरणं सोडवून पाहिली, जुळतात. नळीत शेवाळ बसण्याचा मुद्दा डोक्यातही आला नव्हता.

आता पुढचं. थंड पाणी परत आलं तर थंड पाण्याचे जीवही परततील का? कोळंबी, शेवंड, देवमासे?

---

कालवं

प्रत्येकाचं वेगळं, आणि 'परततील' हा शब्द कोळंबीला तर लागूच होत नाही.

कोळंबी. उत्तरेची कोळंबी, पँडालस बोरिॲलिस, हिच्यासाठी मेनचं आखात म्हणजे वस्तीची दक्षिण हद्द. हद्दीवरचा जीव पहिला मरतो. २०१२ च्या लाटेनंतर साठा कोसळला, २०१४ च्या हंगामापासून मासेमारी बंद आहे. उष्णतेइतकाच दोष लांब पंखाच्या माकुलाचा: ती गरम पाण्यासोबत उत्तरेला आली आणि कोळंबीवर तुटून पडली. ही कोळंबी आधी नर म्हणून वाढते आणि मग मादी होते. मोठ्या माद्या हिवाळ्यात किनाऱ्याजवळ येतात आणि तिथे अंड्यांतून पिल्लं बाहेर पडतात. म्हणजे एका चांगल्या थंड वर्षात जन्मलेलं पिल्लू मादी म्हणून कामाला यायला तीन-चार वर्षं जातात. तळ दोन वर्षं थंड राहिला तर त्यातून जन्मलेली पोरं अजून नरच असतील. आणि मुळात अंडी घालायला माद्या उरल्यात किती? २०२५ च्या हिवाळ्यात नमुन्यासाठी परवानगी देऊन बोटी सोडल्या, त्यात शंभरसुद्धा कोळंब्या मिळाल्या नाहीत. पाणी योग्य असणं आणि बियाणं असणं या दोन वेगळ्या अटी आहेत.

शेवंड. इथे उलटं आहे. तापमानवाढीनं मेनच्या शेवंडाचं आधी भलं केलं: पिल्लांना तळाशी स्थिरावायला साधारण १२ अंशांच्या वरचं पाणी लागतं, आणि पूर्वी थंड असलेला बराच तळ त्या रेषेच्या वर आला. मेनची पकड २०१६ मध्ये सुमारे ६ कोटी किलोवर गेली. त्याच काळात दक्षिण न्यू इंग्लंडचा साठा ढासळला, कारण २० अंशांच्या वर शेवंडाचा श्वास आणि प्रतिकारशक्ती दोन्ही कमी पडतात, कवचाचा रोग पसरतो. २०२४ पर्यंत मेनची पकडही सुमारे ३.९ कोटी किलोवर उतरली.

पण ही घट थेट थंड तळाच्या नावावर लिहू नका. थंड पाण्यात शेवंड कमी चालतो, कमी खातो, पिंजऱ्यात कमी शिरतो, आणि कात उशिरा टाकतो. पकड कमी झाली म्हणजे शेवंड कमी झाले असं नाही, आणि उलटही नाही. २०१२ मध्ये हेच दुसऱ्या टोकाला झालं. कात टाकणं जवळजवळ महिनाभर आधी आलं आणि मऊ कवचाचा माल जूनमध्येच बाजारात ओतला गेला. मऊ कवचाचा शेवंड लांबच्या प्रवासात तगत नाही, म्हणून तो लगेच प्रक्रियेलाच पाठवावा लागतो. पण कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकचे प्रक्रिया कारखाने तेव्हा स्वतःच्या हंगामात गुंतलेले होते. माल जास्त आणि घेणारे भरलेले, म्हणून भाव पडले. त्या ऑगस्टमध्ये कॅनडाच्या मच्छीमारांनी कारखान्यांची दारं अडवली, कारण त्यांच्या पोटावर पाय आला होता. एक ते तीन अंशांचा फरक घरातल्या चुलीपर्यंत असा पोहोचतो.

देवमासे. उत्तर अटलांटिकचा राइट व्हेल, आता ४०० पेक्षा कमी उरलेला, जगतो कॅलॅनस फिनमार्किकस या दोन-तीन मिलिमीटरच्या कोपेपॉडवर (पाण्यात तरंगणारा कोळंबीच्या गोतातला चिमुकला जीव). हा जीव उन्हाळ्याच्या शेवटी अंगात तेलाची पिशवी भरून खोलगटात उतरतो आणि तिथे निपचित पडून राहतो. भिंगाखाली बघितलं तर पारदर्शक देहात ती पिशवी लख्ख दिसते, कधी कधी अर्धं अंग तिनंच भरलेलं. तळ जितका गरम तितकं ते तेल लवकर जळतं, आणि बाहेरून दारातून येणारा पुरवठाही पाण्याबरोबर बदलतो. २०१० नंतर आखातातलं हे खाणं घटलं आणि देवमासे सेंट लॉरेन्सच्या आखाताकडे वळले. तिथे त्यांच्यासाठी जहाजांच्या वेगाचे किंवा मासेमारीच्या दोरांचे नियम नव्हते. २०१७ या एका वर्षात १७ मेले, त्यातले १२ कॅनडात.

म्हणून थंड पाणी आलं की कॅलॅनस वाढेल असं वाटणं साहजिक आहे. पण १९९८ चं उदाहरण सावध करतं. तेव्हा लॅब्राडोरचं पाणी शिरलं, कॅलॅनस *घटला*, आणि २००० मध्ये राइट व्हेलला फक्त एक पिल्लू झालं. २००१ मध्ये ३१ झाली. थंड पाणी आणि भरपूर कॅलॅनस हे समीकरण नाही; कुठलं थंड पाणी, त्यात काय तरंगत आलं, हे बघावं लागतं.

---

तळठाव

कालवं यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. लॅब्राडोरच्या पाण्यात नायट्रेट कमी असतं, प्रतिलिटर साधारण १५-१६ मायक्रोमोल; उबदार उताराच्या पाण्यात २३ च्या वर. म्हणजे गरम पाणी खत घेऊन येतं आणि थंड पाणी तुलनेनं रिकाम्या हातानं. 'थंड समुद्र म्हणजे सुपीक समुद्र' हे आपल्या डोक्यात बसलेलं असतं, कारण केरळच्या किनाऱ्यासह जिथे जिथे पाणी खालून वर उसळतं तिथे थंडी आणि खत एकत्र येतात. इथे थंड पाणी खालून उसळत नाही. ते हजारो किलोमीटर आडवं प्रवास करून येतं, आणि त्याचं खत कुठे भरलं, कुठे खर्च झालं हे त्याच्या वाटेवर ठरतं.

---

निवटी

सुकाणू, एम०१ च्या नोंदी उतरवून घेणार असाल तर २०२३ च्या सप्टेंबरपासून नको, २००७ पासून घ्या. २००८ नंतरची चढण त्यात आली पाहिजे, नाहीतर आत्ताची उतरण किती मोठी हे मोजायला पट्टीच राहणार नाही. खोलीनुसार वेगळ्या फाइली असतात. १५० आणि २०० मीटरच्या आधी उघडा.